गॉथ, व्हँडल आणि देवाचा न्याय: पाचव्या शतकातल्या ख्रिस्ती इतिहासकारांनी ‘रानटी टोळ्या’ कशा रंगवल्या

शाळेच्या पुस्तकात हा विषय दोन ओळींत आटोपतो. उत्तरेकडून रानटी टोळ्या आल्या, त्यांनी रोम लुटले, आणि इ.स. ४७६ मध्ये पश्चिमेचे रोमन साम्राज्य संपले. या दोन ओळी आपल्यापर्यंत कोणी पोहोचवल्या, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. गॉथ, व्हँडल, सुएबी, अलान या लोकांनी त्या काळात स्वतःचा इतिहास लिहून ठेवलेला नाही. पाचव्या शतकाबद्दल आज जे वाचायला मिळते, त्यातले बरेचसे बिशप, धर्मगुरू आणि संन्यासी यांनी लिहिलेले आहे. आणि ही माणसे गॉथांचा अभ्यास करायला बसली नव्हती. त्यांच्यापुढे एकच जळता प्रश्न होता: साम्राज्य ख्रिस्ती झाल्यावर देवाने हे का होऊ दिले? त्या प्रश्नाचे ज्याचे जे उत्तर, त्याप्रमाणे त्याच्या लेखनातला रानटी माणूस कधी क्रूर होतो, कधी दयाळू, तर कधी रोमनांपेक्षाही सज्जन. ही गुरुकिल्ली हातात घेतली की हे ग्रंथ एकदम बोलू लागतात.

सुरुवात इ.स. ३७६ पासून करावी लागते. पूर्वेकडून हूणांचा रेटा आला आणि गॉथांचे जथे डॅन्यूब नदीच्या काठी येऊन थांबले. हे सैन्य चालून आले नव्हते. बायकामुले, म्हातारीकोतारी, गाड्या, सामान असे सगळे बरोबर होते. त्यांनी सम्राट व्हॅलेन्सकडे नदी ओलांडून साम्राज्यात राहण्याची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि नावांतून, तराफ्यांवरून, पोखरलेल्या ओंडक्यांतून माणसे अलीकडे आली. पुढे जे झाले ते लाजिरवाणे आहे. लुपिसिनस आणि मॅक्सिमस या रोमन अधिकाऱ्यांनी उपाशी गॉथांना कुत्र्याचे मांस विकले, आणि एका कुत्र्याच्या बदल्यात एक माणूस गुलाम म्हणून घेतला. हे सांगणारा ॲमियानस मार्सेलिनस हा ख्रिस्ती नव्हता, जुन्या देवांना मानणारा माजी सैनिक होता. पण मॅक्सिमसच्या हावरटपणामुळे उपासमार झाली आणि गॉथ उठले, हे ख्रिस्ती लेखक जेरोमच्या इतिवृत्तातही आहे आणि पुढे ओरोसियस या ख्रिस्ती इतिहासकारानेही ते मान्य केले आहे. शेवट झाला ९ ऑगस्ट ३७८ रोजी एड्रियानोपलच्या रणांगणावर. रोमन सैन्याचा मोठा भाग कापला गेला आणि सम्राट व्हॅलेन्स मारला गेला.

इथे एरियन पंथाची ओळख करून घेणे भाग आहे, कारण त्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही. ख्रिस्त हा पित्याच्या बरोबरीचा देव, की पित्याने निर्माण केलेला आणि म्हणून त्याच्याहून खालचा? एरियस नावाच्या धर्मगुरूच्या अनुयायांचे मत यांतले दुसरे, म्हणजे ख्रिस्त पित्याहून खालचा, असे होते. ३२५ च्या नायसिया परिषदेने ते धुडकावले, तरी वाद अर्धशतकाहून जास्त चालला. व्हॅलेन्स एरियन पक्षाचा होता. गॉथांना ख्रिस्ती धर्म मिळाला तोही याच वळणाचा. त्यांच्यातला बिशप उल्फिला याने गॉथिक भाषेसाठी लिपी तयार केली आणि बायबलचे भाषांतर केले. ‘राजांची पुस्तके’ त्याने मुद्दाम वगळली, कारण गॉथ आधीच लढाईचे शौकीन, त्यांना आणखी चेतवायला नको, असे फिलोस्टोर्गियस हा इतिहासकार सांगतो. तेव्हा ‘रानटी’ म्हणून रंगवलेले हे गॉथ पाचव्या शतकात रोमच्या वेशीवर आले तेव्हा बरेचसे ख्रिस्ती होते. फक्त रोमच्या चर्चच्या दृष्टीने चुकीचे ख्रिस्ती.

एड्रियानोपलच्या पराभवाचा अर्थ लावण्याची चढाओढ लगेच सुरू झाली. मिलानचा बिशप ॲम्ब्रोज तरुण सम्राट ग्रेशनला लिहितो की बायबलातल्या यहेज्केल या संदेष्ट्याने ज्या गोगचे, म्हणजे देवाच्या लोकांवर चालून येणाऱ्या शत्रूचे, भाकीत केले, तो गोग म्हणजेच हा गॉथ. म्हणजे ही माणसे शास्त्रात आधीच लिहून ठेवलेली, आणि धर्मद्रोह पसरला त्याच प्रांतांत संकट आले हा पुरावा. ओरोसियस आणखी पुढे जातो. गॉथांनी बिशप मागितले तेव्हा व्हॅलेन्सने त्यांना एरियन गुरू पाठवले. जखमी व्हॅलेन्स ज्या घरात लपला ते गॉथांनी पेटवले, अशी एक वार्ता होती, आणि ओरोसियस तिच्यावर निकाल बसवतो: ज्याच्या चुकीमुळे हे लोक मेल्यावर नरकात जळणार, त्याला त्यांनीच जिवंत जाळले. घटना एक, पण तिचा सांगाडा न्यायनिवाड्याचा.

पुढचा टप्पा ३१ डिसेंबर ४०६. व्हँडल, अलान आणि सुएबी ऱ्हाइन ओलांडून गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये घुसले. (नदी गोठली होती आणि ते बर्फावरून चालत आले, हे चित्र खूप लोकप्रिय आहे. त्या काळच्या एकाही साधनात ते नाही.) या आक्रमणाचे सर्वांत जास्त उद्धृत होणारे वर्णन जेरोमचे आहे. क्वाडी, व्हँडल, सार्माशियन, अलान, गेपिड, हेरुली, सॅक्सन, बर्गंडियन अशी टोळ्यांची नावे एकामागून एक येतात. माइन्झ पडले, तिथल्या चर्चमध्ये हजारो लोक कापले गेले, मग राँस, आमियाँ, स्ट्रासबुर्ग. वाचताना अंगावर काटा येतो. पण हा मजकूर कशातला आहे? गॉलमधल्या एका तरुण विधवेला, अगेरुखियाला, पुन्हा लग्न करू नकोस हे पटवण्यासाठी लिहिलेल्या पत्रातला. जग बुडत असताना कसले लग्न, नवरा करशील तो पळणारा करशील की लढणारा, असे जेरोम तिला विचारतो. शिवाय तो स्वतः वीस वर्षांहून अधिक काळ बेथलेहेममध्ये राहत होता. त्याच्यापर्यंत आलेल्या बातम्या खोट्या नव्हत्या. मात्र त्या शहरांची यादी त्याने एका युक्तिवादासाठी रचली, आणि ती आपण आज युद्धाचा वृत्तांत म्हणून वाचतो.

२४ ऑगस्ट ४१० रोजी अलारिकच्या गॉथांनी रोममध्ये प्रवेश केला आणि तीन दिवस शहर लुटले. लष्करी दृष्टीने हा फार मोठा प्रसंग म्हणता येणार नाही. सम्राट होनोरियस तेव्हा रव्हेन्नाला होता, राज्यकारभार तिथूनच चाले. अलारिक हा बाहेरून आलेला अनोळखी शत्रूही नव्हता. त्याने रोमन सैन्यात हुद्दा भूषवला होता आणि वर्षानुवर्षे तो आपल्या लोकांसाठी जमीन, धान्य आणि स्वतःसाठी मानाचे पद मागत होता. पहिल्या वेढ्याच्या वेळी त्याने उठून जाण्यासाठी घेतलेल्या खंडणीत ५,००० पौंड सोने, ३०,००० पौंड चांदी आणि ३,००० पौंड मिरी होती. ती मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून गेलेली, म्हणजे या घेरावाशी आपल्या पश्चिम किनाऱ्याचाही एक बारीक धागा जुळतो. पण रोमच्या मनावर झालेला आघात खंडणीच्या हिशेबात मावणारा नव्हता. एका शहरात सगळे जग मेले, असे जेरोमने लिहिले.

आणि आरोप उभा राहिला. जुन्या देवांचे यज्ञ ३९१-३९२ च्या सुमारास कायद्याने बंद झाले होते. वीस वर्षे उलटायच्या आत रोम लुटले गेले. ज्या देवांनी हजार वर्षे शहर राखले त्यांना तुम्ही हाकलले, आता भोगा. या आरोपाला उत्तर म्हणून हिप्पोच्या बिशप ऑगस्टीनने ४१३ मध्ये ‘देवाचे नगर’ हा ग्रंथ सुरू केला आणि तो बावीस खंडांनी, तेरा-चौदा वर्षांनी पुरा झाला.

सुरुवातीलाच ऑगस्टीन गॉथांना साक्षीला उभे करतो. आज ख्रिस्ताला नावे ठेवणारे कित्येकजण जिवंत आहेत, कारण ते त्या दिवशी चर्चमध्ये लपले होते आणि रानटी लोकांनी ख्रिस्ताच्या नावाखातर त्यांना हात लावला नाही. युद्धाच्या इतिहासात असे कधी घडले होते, ग्रीकांनी ट्रॉयच्या देवळांना तरी अभय दिले होते का, असा त्याचा सवाल आहे. तरीही त्याचा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. कत्तल झाली, छळ झाला, प्रेते पुरायला माणसे उरली नाहीत, स्त्रियांवर बलात्कार झाले, हे तो लपवत नाही. ज्या स्त्रियांवर अत्याचार झाला त्यांच्यावर कसलाही डाग नाही, आणि लाजेपोटी जीव देण्याची त्यांना गरज नाही, हे तो पहिल्याच खंडात ठासून मांडतो. बलात्कारानंतर जीव देणाऱ्या ल्युक्रेशियाच्या आत्महत्येला रोमन परंपरेने आदर्श मानले होते, त्यामुळे त्या काळी हे म्हणणे सोपे नव्हते. गोग म्हणजे अमुक एक टोळी असे मानायलाही तो नकार देतो. त्याच्या मते सैतानाचे ते सैन्य जगभर विखुरलेले आहे, सीमेपलीकडच्या एखाद्या जमातीत नाही.

आता ओरोसियसकडे यायला हवे, कारण मध्ययुगभर लोकांनी रोमचा इतिहास वाचला तो मुख्यतः याच्या पुस्तकातून. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातला हा तरुण धर्मगुरू ४१४ च्या सुमारास आफ्रिकेत ऑगस्टीनकडे आला, तिथून बेथलेहेमला जेरोमकडे जाऊन परतला आणि ४१७ च्या सुमारास त्याने ‘मूर्तिपूजकांविरुद्ध इतिहासाची सात पुस्तके’ पूर्ण केली. ख्रिस्ताच्या आधीचा काळ आजच्यापेक्षा कितीतरी वाईट होता, हे सिद्ध करणे हे त्याचे काम. म्हणून तो जगाच्या आरंभापासूनची युद्धे, दुष्काळ, साथी, भूकंप मोजत येतो. अशा लेखकाच्या हातात ४१० ची लूट लहान होणारच. गॉल लोकांनी ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात रोम सहा महिने अडवून धरले, गॉथ तीन दिवसांत निघून गेले. नीरोच्या काळातल्या आगीपुढे ही आग काहीच नाही. त्याच्या कथेत एक गॉथ सरदार एका वृद्ध कुमारिकेकडे सोने मागतो, ती त्याच्यापुढे प्रेषित पीटरची सोन्याचांदीची भांडी मांडते, आणि अलारिकच्या हुकमावरून ती भांडी मिरवणुकीने, रोमन आणि गॉथ एकत्र स्तोत्रे गात, पीटरच्या चर्चमध्ये नेली जातात. लुटीच्या मधोमध ही मिरवणूक! काहीतरी घडले असणार, चर्चमधल्या आश्रयाचा पुरावा इतरत्रही आहे, पण ओरोसियसने त्याला नाटकाचा मुख्य प्रवेश केले.

आकड्यांतही हेच दिसते. ४०६ मध्ये राडागाइसस या दुसऱ्या गॉथ नेत्याची इटलीवरची स्वारी सेनापती स्टिलिकोने फ्लोरेन्सजवळ मोडून काढली. राडागाइसस जुन्या देवांना मानणारा, म्हणून तो देवाने पाडला; अलारिक ख्रिस्ती, म्हणून शिक्षा द्यायला तो निवडला, अशी ओरोसियसची मांडणी आहे. ऑगस्टीन सांगतो की राडागाइससचे एक लाखाहून जास्त लोक पडले आणि रोमनांपैकी कोणी जखमीसुद्धा झाला नाही. ओरोसियसच्या पुस्तकात त्या सैन्याचा आकडा कमीत कमी म्हणून दोन लाखांवर जातो. शत्रू जेवढा प्रचंड, तेवढा देवाचा हात ठळक.

पण हाच माणूस एका ठिकाणी अचानक स्वतःबद्दल बोलतो. रानटी लोक पहिल्यांदा दिसले तेव्हा मी त्यांना टाळले, ते मालक झाले तेव्हा त्यांची मनधरणी केली, आणि शेवटी समुद्रावर ते दगड आणि भाले घेऊन पाठलाग करत असताना, अगदी हाताशी आलेले असताना, धुके पसरले म्हणून वाचलो, असे तो लिहितो. आपले दिवस बरे चालले आहेत हे सांगणाऱ्या ग्रंथाच्या तिसऱ्या पुस्तकात हा परिच्छेद येतो. त्याच्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा मला या चार ओळींवर जास्त विश्वास वाटतो, कारण त्याच्या युक्तिवादाला त्यांचा फारसा उपयोग नाही.

स्पेनबद्दल तो म्हणतो की दोन वर्षांच्या कत्तलीनंतर रानटी लोकांनी तलवारी सोडून नांगर धरले, उरलेल्या रोमनांना ते मित्रासारखे वागवतात, आणि रोमनांमध्ये कर भरत चिंतेत जगण्यापेक्षा यांच्यात गरिबीतले स्वातंत्र्य बरे असे म्हणणारेही काही रोमन आहेत. हूण, सुएबी, व्हँडल, बर्गंडियन यांनी चर्च भरून जावे एवढ्यासाठीच त्यांना आत सोडले असेल, तर देवाची दया थोरच, असा त्याचा निष्कर्ष.

हीच वर्षे, हाच स्पेन, आणि जवळपास त्याच मुलखातला दुसरा लेखक हायडेशियस. हा आजच्या पोर्तुगालमधल्या शाव्हेस या गावाचा बिशप. त्याच्या इतिवृत्तात ४०९ नंतरच्या नोंदींत भुकेने वेड्या झालेल्या माता पोटच्या मुलांचे मांस खातात, प्रेतांना चटावलेली जनावरे जिवंत माणसांवर तुटून पडतात, आणि तलवार, दुष्काळ, साथ, श्वापदे या चार अरिष्टांनी भविष्यवाण्या पूर्ण होतात. ती चार अरिष्टे बायबलातून सरळ उचललेली आहेत, हे त्याच्या वाचकांना लगेच कळत असे. तरीही त्याला फक्त अतिशयोक्त म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. ओरोसियस स्पेन सोडून गेला होता, हायडेशियसला आयुष्य तिथेच काढावे लागले. सुएबींविरुद्ध मदत मागायला तो ४३१ मध्ये गॉलला सेनापती एटियसकडे गेला. ४६० मध्ये सुएबींनी त्याला त्याच्या चर्चमधून पकडून नेले आणि तीनेक महिने कैदेत ठेवले. तरुण ओरोसियस ४१७ मध्ये आशेने लिहू शकला. म्हाताऱ्या हायडेशियसच्या डोळ्यांसमोर अर्धशतकाची मोडलेली वचने आणि जळलेली गावे होती.

मार्सेयचा धर्मगुरू सॅल्व्हियन ४४० च्या दशकात लिहीत होता, आणि त्याचा रोख थेट आपल्याच लोकांवर आहे. ट्रिअर शहर चार वेळा लुटले गेले, कुत्र्यांनी आणि पक्ष्यांनी फाडलेली उघडी प्रेते त्याने स्वतः पाहिली, आणि त्यानंतर तिथल्या उरलेल्या बड्या लोकांनी सम्राटाकडे मागितले काय, तर सर्कसचे खेळ, म्हणजे रथांच्या शर्यती. याचा संताप त्याच्या पानापानावर आहे. करवसुलीत श्रीमंत सुटतात आणि गरीब चिरडले जातात, म्हणून माणसे पळून गॉथांकडे जातात. रोमनांमधली अमानुषता सहन होत नाही म्हणून ती रानट्यांमध्ये रोमन माणुसकी शोधतात, असे तो म्हणतो. गॉथ दगाबाज पण शीलवान, फ्रँक खोटारडे पण पाहुणचार करणारे, सॅक्सन क्रूर पण शीलवान अशी त्याची वाटणी आहे. त्यावरून गॉथांच्या चालचलणुकीबद्दल काही ठरवू नये, हा आरसा रोमनांसाठी धरला आहे. पण कराच्या ओझ्याचे जे तपशील त्याच्या रागातून बाहेर पडतात, ते साम्राज्य आतून का पोखरले गेले हे समजायला अमूल्य आहेत.

आफ्रिकेत सूर पुन्हा पालटतो. गेझेरिकच्या नेतृत्वाखाली व्हँडल ४२९ मध्ये समुद्र ओलांडून आले. ऑगस्टीन ४३० मध्ये वारला तेव्हा त्याच्या हिप्पोला त्यांचाच वेढा होता. ४३९ मध्ये कार्थेज पडले. हे राज्यकर्ते एरियन होते आणि त्यांनी कॅथॉलिक बिशपांची चर्च काढून घेतली, कित्येकांना हद्दपार केले. ४८० च्या दशकात व्हिटा या आफ्रिकी गावाचा बिशप व्हिक्टर याने या छळाचा इतिहास लिहिला. रानट्यांवर प्रेम करणाऱ्यांनो, ‘रानटी’ या त्यांच्या नावाचा तरी विचार करा, असे तो कळवळून म्हणतो. म्हणजे त्यांच्यावर प्रेम करणारे, त्यांच्याशी जमवून घेतलेले रोमन आफ्रिकेत होते, हे तो नकळत सांगून जातो. आलेल्यांचा आकडा तो ८०,००० देतो, पण लगेच खुलासाही करतो: त्यात म्हातारे, मुले, गुलाम सगळे धरलेले होते, आणि दहशत बसावी म्हणून गेझेरिकनेच ही मोजणी करवली. कार्थेजचा बिशप देओग्राशियस याने ४५५ मध्ये व्हँडलांनी रोम लुटले तेव्हा तिथून आणलेल्या कैद्यांना सोडवण्यासाठी चर्चची सोन्याचांदीची भांडी विकली आणि दोन चर्चमध्ये आजाऱ्यांची सोय केली, हेही त्यानेच नोंदवले आहे.

मग यांच्यावर विश्वास ठेवायचा तरी किती? लेखक जिथे निकाल देतो तिथे सावध राहावे, आणि जिथे निकालाशी संबंध नसलेला तपशील त्याच्या हातून निसटतो तिथे कान टवकारावेत. कुत्र्याच्या मांसाचा भाव, व्हिक्टरची मोजणी, हायडेशियसची कैद, ओरोसियसचे धुके अशा ठिकाणी आपण घटनेच्या अगदी जवळ असतो. आधुनिक इतिहासकारांत हा काळ कोसळण्याचा म्हणावा की हळूहळू रूपांतराचा, यावर अजून जोरदार वाद आहे, आणि दोन्ही बाजूंना पुरावे याच ग्रंथांतून मिळतात. रूपांतरवाल्यांचा ओरोसियस, पडझडवाल्यांचा हायडेशियस.

टोळ्यांची राज्ये स्थिरावली तशी कथेची बाजूही बदलली. ५८९ मध्ये टोलेडोच्या परिषदेत स्पेनचा गॉथ राजा रेकारेड आणि त्याचे बिशप एरियन पंथ सोडून कॅथॉलिक झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतर तीसेक वर्षांनी सेव्हिलचा बिशप इसिदोर याने गॉथांचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा त्याने ओरोसियसच्याच पानांवरून अलारिकची दया आणि पीटरच्या भांड्यांची गोष्ट घेतली. ओरोसियसने ती ख्रिस्ताचे सामर्थ्य दाखवायला सांगितली होती. इसिदोरच्या पुस्तकात ती गॉथांच्या थोरवीचा पुरावा झाली, आणि सगळ्या जगाला जिंकणारे रोम गॉथांपुढे नमले याचा ख्रिस्ती बिशपाला अभिमान वाटू लागला.